ऑफिसला जायला सेकंडहँड सेडान घेताय? या चुका टाळा

सेकंडहँड सेडान बघायला जाणारा माणूस मॉडेल बघतो, रंग बघतो, किलोमीटर बघतो. विकणाराही त्याच सुरात बोलतो: सिंगल हँड, शोरूम कंडिशन, डॉक्टरांची गाडी. आपला रोजचा रस्ता कसा आहे, हा प्रश्न या सगळ्या बोलण्यात कुणीच काढत नाही. खरं तर पुढच्या दोन-तीन वर्षांत ही गाडी सुखाने चालणार की गॅरेजच्या फेऱ्या मारायला लावणार, ते निम्मंअधिक या प्रश्नावरच ठरतं.

रस्ता न बघता गाडी ठरवणं

समजा, तुम्ही पुण्यात वाकडहून हिंजवडीला जाता. अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर, पण बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. अशा वापराला ‘ॲव्हरेज चांगलं देते’ म्हणून डिझेल घेणं ही मोठी चूक आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल सेडानमध्ये सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. हिंजवडीच्या रांगेत ते होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, तरी लक्ष दिलं नाही तर पिकअप जातो आणि खर्च हजारांत नाही, त्याच्याही पुढे जातो. तुमचं ऑफिस रांजणगावला असेल आणि रोज हायवेवर तासभर गाडी पळणार असेल, तर हीच डिझेल गाडी उत्तम.

ऑटोमॅटिकचंही तसंच आहे. ड्राय क्लच असलेल्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्सला, म्हणजे तेलात न बुडालेल्या दोन क्लचवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, गर्दीत इंच-इंच सरकणं मानवत नाही. असली जुनी गाडी घ्यायचीच असेल, तर गिअरबॉक्सच्या कामाची बिलं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, असेल तर तिचं ऑइल कधी बदललं ते विचारा. ‘यात ऑइल बदलावं लागत नाही’ असं उत्तर आलं, तर ते बदललेलं नाही एवढंच समजा.

सीएनजी शहरात परवडतो, पण सेडान घेताना मोठ्या डिकीचा जो मोह असतो, ती डिकी सिलिंडर खाऊन टाकतो. किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे का ते पाहा. सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीखही तपासा.

आणखी एक गोष्ट टेस्ट ड्राइव्हला कुणी करत नाही. सेडानचं पोट खाली असतं. होंडा सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर आहे, तोही रिकाम्या गाडीचा. चार माणसं बसवा आणि आपल्याच सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून, बेसमेंटच्या उतारावरून गाडी नेऊन बघा. रोज तिथे पोट घासणार असेल, तर ते आजच कळलेलं बरं.

गरम इंजिन बघून हो म्हणणं

‘बघायला येतोय’ असा फोन केला की बरेच विकणारे गाडी आधीच चालू करून ठेवतात. तापलेलं इंजिन आपले बरेचसे आजार लपवतं. म्हणून सकाळी लवकर जा, आणि गाडीत बसायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर गाडी थंड होईपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या.

थंड इंजिन चालू केल्यावर पहिलं मिनिट नुसतं ऐका. मग मागे जाऊन धूर पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, सिलिंडरच्या आत जात असण्याची शक्यता आहे. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला की सावध व्हा. पावसाळ्यात, थोडंच चालणाऱ्या गाडीत दमटपणामुळे किंचित थर येऊ शकतो. त्याबरोबर कुलंटही कमी असेल, तर मात्र गाडी सोडून द्या.

क्लच बघायची सोपी रीत: सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. बंद न पडता नुसतं फिरत राहिलं तर क्लच प्लेट संपत आली आहे. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको.

शेवटी एसी पूर्ण लावून चालू गाडी पंधरा मिनिटं जागेवर उभी ठेवा. रेडिएटरचा फॅन लागतो का, तापमानाचा काटा स्थिर राहतो का, थंडावा टिकतो का, हे तिथेच कळतं. ऑफिसच्या वाटेवरचा सिग्नल याहून वेगळा नसतो.

पुराची गाडी न ओळखणं

२०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी शिरलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन, पॉलिश मारून लांबच्या शहरांत विकल्या जातात. सीट कव्हर नवी, कार्पेट नवं, वास झाकायला परफ्युम. तुम्ही सीटबेल्ट धरा आणि तो संपेपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरताना बेल्टचा शेवटचा हातभर भाग कधीच बाहेर येत नाही, म्हणून साफ करणाराही तो विसरतो. तिथे मातकट रेघ दिसली, तर पुढचं काही बघायची गरज नाही. शंका उरली तर सीटखालच्या रुळांवर आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गंज आहे का ते बघा.

किंमत म्हणजेच खर्च समजणं

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. डिझायर, ऑरा, अमेझ त्यात येतात. जुन्या गाडीचा भाव ऐकताना आजच्या नवीन गाडीची ऑनरोड किंमत समोर ठेवा. कित्येक विकणारे अजून जुन्याच किमतीवरून हिशेब सांगतात.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर म्हातारं झालंय. चार टायरचे वीस-पंचवीस हजार सहज जातात. बॅटरी, सगळी ऑइलं, ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनचं काम धरून पहिल्या महिन्याचे पैसे वेगळे काढा, आणि मगच बोली लावा. जुन्या पेट्रोल गाडीत आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जातंय, त्यामुळे इंधनाच्या रबरी नळ्याही बदलण्याच्या यादीत धरा.

कागदपत्रं ‘नंतर बघू’ म्हणणं

टोकन द्यायच्या आधी वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. कर्जाचा बोजा आहे का, किती मालक झाले, फिटनेस कधीपर्यंत आहे, हे दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याकडून भरून घ्या. पूर्वी टॅक्सी म्हणून चाललेली गाडी पांढरी पाटी लावून येऊ शकते, म्हणून आरसीवरचा जुना वर्ग विचारा.

दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल सेडान बघून हुरळू नका. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून अशा गाड्या बाहेर विकल्या जात आहेत. इथे नवीन नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच कमी होते.

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते एजंटकडे ठेवून निघून जाऊ नका. नाव लागेपर्यंत पाठपुरावा करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. अपघात झाला तर विकणाराही अडकतो, हे त्याला सांगितलंत तर तोही घाई करेल. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीसोबत येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागेल. त्याचा फास्टॅग बंद करून स्वतःचा घ्या.

घरी आणल्यावर नेहमी येणाऱ्या तक्रारी

चालताना एसी गार, सिग्नलला गरम: लगेच गॅस भरायला धावू नका. आधी कंडेन्सरचा फॅन फिरतो का आणि जाळीत कचरा साठलाय का ते बघा.

ॲव्हरेज अचानक कमी आणि तापमानाचा काटा फार हळू चढतो: गाडी तापते म्हणून आधीच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार कुलंटचा प्रवाह सोडणारी झडपच, काढून टाकलेली असू शकते. ही सवय फार घातक आहे. इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही आणि इंधन जास्त जातं. थर्मोस्टॅट नवा बसवा. कुलंटच्या जागी नळाचं पाणी असेल, तर सगळं फ्लश करून घ्या.

खड्ड्यात पुढून खडखड: अख्खं सस्पेन्शन बदलायला सांगितलं, तरी आधी लिंक रॉड तपासायला लावा. मग लोअर आर्मचे बुश. बऱ्याचदा काम तिथेच थांबतं.

डावीकडचं कार्पेट ओलं: पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे, साफ करणं अगदी स्वस्त. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल, काचेवर धुकं धरत असेल, तर हीटरमधून कुलंट गळतंय, गाडी लगेच दाखवा.

सोमवारी सकाळी बॅटरी झोपलेली: गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. मिळत असतील आणि तरी बॅटरी उतरत असेल, तर बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा डॅशकॅम काढून एक रात्र बघा.

पावसात साठलेल्या पाण्यात गाडी बंद पडली: स्टार्टर पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर त्या एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपनी सहसा ते नुकसान भरून देत नाही. गाडी ढकलून पाण्याबाहेर काढा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा. ओला असेल तर टो करूनच गॅरेजला न्या.