साताऱ्यात राहून वाइल्डलाइफ शिकायचंय? असं करा

बारावी सायन्सला बायोलॉजी ठेवा, मग बीएस्सी बॉटनी, झूऑलॉजी किंवा एन्व्हायर्नमेंट यातलं जवळच्या कॉलेजात मिळेल ते घ्या, त्यात फार डोकं खपवू नका. खरी स्पर्धा एमएस्सीला असते, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस), सीट मोजक्याच. तिथं नुसते मार्क नाही चालत, फील्डवर काय केलंय ते विचारतात.

आणि फील्ड तर आपल्या दारातच आहे की राव! कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत, कोयना आणि चांदोली मिळून २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सांगलीकरांना सागरेश्वर अभयारण्य आहेच. पण सुरुवात घरामागच्या ओढ्यापासून करा, रोज एकाच वेळी अर्धा तास, कुठला पक्षी, किती, काय करत होता, एवढंच वहीत लिहायचं. पेन्सिलनेच हां, मी कासला पावसात जेलपेन नेला आणि अख्ख्या दिवसाच्या नोंदींचा निळा चिखल झाला. दिसलं नाही तेही लिहा, शून्य हाही डेटाच.

स्टॅटिस्टिक्सला घाबरून पळू नका, डेटाची आकडेमोड करणारं आर (R) सॉफ्टवेअर फुकट आहे, आत्ताच बसवा. अभयारण्यात सर्व्हे करायचा तर वनविभागाची परवानगी आधी काढा, अर्जात कॉलेजच्या सरांची सही लागली तर म्हणून त्यांना परीक्षेच्या गडबडीआधीच गाठा.