डिटेक्टरला सापडलेली अनोळखी वस्तू ओळखताना या चुका टाळा

मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला नाणे सापडले की फारसा प्रश्न पडत नाही. खरे अडते ते नखाएवढ्या, चेपलेल्या, हिरव्या पडलेल्या तुकड्यापाशी. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला तुटलेला खुंट, मध्ये पुसटशी नक्षी. हे आहे तरी काय?

माझ्या मते पहिली चूक या प्रश्नातच आहे. जमिनीतून निघणारी छोटी वस्तू बहुधा पूर्ण वस्तू नसतेच. ती कुठेतरी जडवलेली, शिवलेली, टांगलेली किंवा ठोकलेली होती. लाकूड, चामडे, कापड कुजून गेले आणि धातू तेवढा मागे राहिला. म्हणून ‘ही कशाला लागलेली होती?’ असे विचारून बघा. कुलपाच्या भोकावरचे झाकण, पट्ट्याच्या टोकाची पट्टी, घोड्याच्या सामानावरची चकती, कपाटाच्या मुठीमागचे पान हे सगळे सुटे पाहिले तर कोडेच वाटते. ते कशावर बसत असेल याची कल्पना केली की लगेच उलगडते.

आधी घासू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एकदा पितळेसारखी दिसणारी एक चकती मी ब्रशने जोरात घासली. मातीबरोबर हिरवा थर निघाला आणि त्या थरातच टिकून असलेली अक्षरेही गेली. तांब्याच्या किंवा काशाच्या जुन्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग अनेकदा त्या कळंकाच्या थरातच असतो. खालचा चकचकीत धातू मिळाला, तरी नक्षी कायमची जाते. व्हिनेगर, लिंबू, भांडी घासायची पावडर यांतले काहीच वापरू नका. शिशाला तर व्हिनेगर खातेच.

सुटी माती लाकडी काडीने हळूच काढा. वस्तू भक्कम असेल तरच साध्या पाण्यात बुडवा आणि सावकाश वाळू द्या. तांब्याच्या वस्तूवर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड वारंवार येत असेल तर तो साधा कळंक नव्हे. क्लोराइडमुळे धातू आतून पोखरला जात असतो आणि दमट हवेत हे वाढत जाते. अशी वस्तू कोरड्या डबीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

मागची बाजू आधी बघा

नवशिका शोधक पुढची नक्षी न्याहाळत बसतो. अनुभवी माणूस वस्तू उलटी करतो, कारण ती काय काम करत होती हे मागच्या बाजूला कळते. मधोमध कडी असेल तर बटण. दोन-तीन खुंट असतील आणि त्यांची टोके चेपलेली असतील तर चामड्यावर रिबिट मारून बसवलेली चकती. खुंटाचे टोक आणि मागचा पृष्ठभाग यांच्यातली फट मोजा. ते चामडे तेवढे जाड होते! एका कडेला बिजागरीसारखी घडी आणि समोर छोटा आकडा असेल तर पिन किंवा ब्रोचचा विचार करा.

झीज कुठे आहे तेही भिंगातून बघा. भोकाची एकच कडा झिजली असेल तर वस्तू टांगलेली होती, आणि झिजलेली बाजू म्हणजे वरची. सगळी कडा सारखी झिजली असेल तर भोकात काहीतरी फिरत होते. तुटलेली कडा खडबडीत असते, मुद्दाम घडवलेली कडा गुळगुळीत असते. हा फरक लक्षात न आल्याने लोक अर्ध्या बक्कलला वेगळीच वस्तू समजतात.

रंगावरून धातू ठरवू नका

पिवळे म्हणजे सोने नव्हे आणि पांढरे म्हणजे चांदी नव्हे. आधी चुंबक लावा. मुलामा दिलेले लोखंड तिथेच उघडे पडते. त्यानंतर घनता काढा. याला खर्च जवळपास नाहीच, तरी ही चाचणी फार थोडे लोक करतात.

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. वस्तूचे कोरडे वजन लिहा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू बारीक दोऱ्याने पूर्ण पाण्यात सोडा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आता दिसणारा आकडा म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. समजा वस्तू १२.६ ग्रॅमची आहे आणि काटा १.५ दाखवतो, तर घनता ८.४, म्हणजे पितळेच्या आसपास. तीच चांदीची असती तर काट्याने १.२ दाखवले असते. ॲल्युमिनियम २.७, जस्त ७.१, कथील ७.३, लोखंड ७.९, तांबे ८.९, चांदी १०.५, शिसे ११.३ आणि सोने १९.३ हे आकडे जवळ लिहून ठेवा. चिकटलेली माती, हवेचे बुडबुडे किंवा आतली पोकळी असेल तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते.

धातू कळला की काळाचाही अंदाज येतो. ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची पद्धत १८८६ साली सापडली. त्यामुळे रोजच्या वापरातली ॲल्युमिनियमची वस्तू त्याआधीची असण्याची शक्यता जवळपास नाही.

डिटेक्टरचा आकडा म्हणजे ओळख नव्हे

पडद्यावरचा आकडा धातूचे नाव सांगत नाही. वस्तूची विद्युतवाहकता, आकार आणि जाडी यांचा तो एकत्रित परिणाम असतो. पेयाच्या डब्यांच्या ओढून काढायच्या कड्या १९६०च्या दशकात आल्या. त्यांचा आणि सोन्याच्या अंगठीचा आकडा बऱ्याचदा सारखाच येतो. मोठे गंजलेले लोखंडही कधी कधी चांदीसारखा उंच आवाज देते. खणेपर्यंत आकडा कामाचा. वस्तू हातात आली की तो विसरा.

अक्षरे वाचताना

‘ईपीएनएस’ असा शिक्का म्हणजे चांदी नव्हे, निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्येही चांदी नसते. अक्षरे अनोळखी लिपीतली वाटली तर आधी फोटो आरशासारखा उलटवून बघा. मोहोर उठवायच्या शिक्क्यावर अक्षरे उलटी कोरलेली असतात, आणि अनेक ‘अज्ञात लिपी’ तिथेच संपतात. पुसट मजकुरासाठी अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून चारही बाजूंनी फिरवा.

नाव आधी, पुरावा नंतर

मनात एकदा ‘प्राचीन दागिना’ आला की प्रत्येक ओरखडा त्याचाच पुरावा वाटू लागतो. उलटेही घडते. मे २०१० मध्ये इंग्लंडमधल्या क्रॉस्बी गॅरेटजवळ एका शोधकाला धातूचे तुकडे सापडले. ३३ मोठे आणि ३४ छोटे. सुरुवातीला त्याला ते व्हिक्टोरियन काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली शोभेची वस्तू वाटले. प्रत्यक्षात ते रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह शिरस्त्राण होते. म्हणून कमीत कमी तीन शक्यता लिहा आणि प्रत्येकीला खोडून काढणारी खूण शोधा. तुलनेसाठी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा, म्हणजे इंग्लंड आणि वेल्समध्ये लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या उपक्रमाचा संग्रह फार उपयोगी आहे. १९९७ पासूनच्या त्या उपक्रमात दहा लाखांहून जास्त वस्तूंच्या नोंदी आहेत.

इथे मात्र थांबा

पितळेचा छोटा शंकू आणि त्याभोवती बारीक रेघा कोरलेल्या फिरत्या कड्या दिसल्या, तर ते घड्याळाचे यंत्र समजून पिळू नका. तो ठरावीक वेळाने तोफगोळा फोडणारा फ्यूज असू शकतो. हलवू नका, जागा लक्षात ठेवून दूर व्हा आणि पोलिसांना कळवा. घरी नेऊन मग विचारणे तर मुळीच नको.

मदत मागताना

धूसर फोटो टाकून ‘काय आहे?’ विचारले तर अंदाजच मिळतील. पुढची, मागची आणि कडेची बाजू, शेजारी मिलिमीटरची पट्टी, वजन, चुंबकाचा निकाल आणि वस्तू किती खोल सापडली, एवढे द्या. जवळपास आणखी काय निघाले हेही सांगा. एकटी चकती मुकी असते, पण तिच्याभोवती तशाच चार चकत्या आणि एक बक्कल निघाले तर घोड्याचा साज समोर उभा राहतो. जुनी वस्तू वाटली आणि आजूबाजूला आणखी सिग्नल असतील तर खणणे थांबवा. डिटेक्टर कुठे चालवता येतो आणि काय कळवणे बंधनकारक आहे, याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. ते जाण्याआधीच वाचून घ्या.

काही वस्तू मग तरीही अनोळखीच राहतात. बारा बाजूंच्या पोकळ रोमन धातुवस्तू आजवर शंभरहून जास्त सापडल्या आहेत आणि त्यांचा उपयोग अजून कोणालाही ठामपणे सांगता आलेला नाही. तेव्हा उत्तर मिळाले नाही म्हणून वस्तू फेकू नका. पाकिटात घाला आणि वर ठिकाण, खोली, तारीख आणि खोडून काढलेल्या शक्यता लिहून ठेवा.