सीलंट टिकवायचं तर आधी इनॅमल नीट तयार करा

दाढेच्या भेगांत कीड लागू नये म्हणून त्यांवर लावलेला संरक्षक लेप, म्हणजे सीलंट, वर्षभरात निघून आलं की दोष बहुधा मटेरियलला दिला जातो. खरं कारण मात्र ते लावण्यापूर्वीच्या दोन-तीन मिनिटांत दडलेलं असतं. रेझिन सीलंट इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थराच्या, नुसतं वर चिकटत नाही, ते आत शिरून अडकतं. फॉस्फोरिक ॲसिडमुळे इनॅमलचा साधारण १० मायक्रॉनचा थर विरघळतो आणि त्याखाली दहा-वीस मायक्रॉन खोल सूक्ष्म छिद्रं उघडतात. यालाच एचिंग म्हणतात. पातळ रेझिन त्यांत उतरून कडक झालं की पकड मिळते. छिद्रांत मळ, पाणी, तेल किंवा लाळ राहिली तर रेझिनला शिरायला जागाच उरत नाही.

पुढची पद्धत मुख्यतः सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पहिल्या कायमच्या दाढेसाठी आहे. क्लिनिकमध्ये किंवा शाळेतल्या शिबिरात काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि इंटर्न्सना ती तशीच वापरता येईल.

दाढ सीलंटला योग्य आहे का?

दाढ कोरडी करून चांगल्या उजेडात पाहा. प्रोबचं (दात तपासायच्या सळईचं) टोकदार टोक भेगेत दाबू नका. कमकुवत झालेलं इनॅमल त्याने मोडतं. खड्डा न पडलेली, फार तर पांढुरका किंवा तपकिरी बदल दिसणारी भेग सील करता येते. खड्डा पडला असेल तर फिलिंगचा विचार करा. दाढेच्या मागच्या बाजूला हिरडीची झालर अजून चढलेली असेल, तर तिथे रेझिन टिकणार नाही. अशा दाढेचं काय करायचं, ते पुढे दिलं आहे.

साहित्य आधीच मांडून ठेवा

एच जेल (एचिंगचं ॲसिड), सीलंट आणि ते सोडायची टिप, जास्तीचे कॉटन रोल, सक्शन, चालू करून पाहिलेला क्युअरिंग लाइट (रेझिन कडक करणारा दिवा). दाढ कोरडी झाल्यावर ड्रॉवर उघडायची वेळ येता कामा नये.

हवेची लाइनही तपासा. थ्री-वे सिरिंजमधून (हवा-पाणी सोडणाऱ्या नळीतून) स्वच्छ माउथ मिररवर काही सेकंद नुसती हवा सोडा. काचेवर थेंब किंवा तेलकट धूसरपणा दिसला, तर तीच हवा दाढेवर जाणार आहे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकण पट्ट्यात, कंप्रेसरच्या टाकीत पाणी झपाट्याने साठतं, म्हणून टाकी रोज ड्रेन करा. ही तपासणी फार कमी जण करतात.

भेगा साफ करणं

पाण्यात कालवलेलं प्युमिस (घासायची दगडी पूड) आणि स्लो हँडपीसवरचा टोकदार ब्रश वापरा. रबर कप भेगेच्या तोंडाशीच थांबतो. तेल किंवा ग्लिसरीन असलेली तयार पॉलिशिंग पेस्ट टाळा. हँडपीसला नुकतंच तेल दिलं असेल, तर तो आधी गॉझमध्ये काही सेकंद फिरवून घ्या. नंतर पाण्याने खळखळून धुवा, प्रोब भेगेतून हलका ओढून अडकलेलं प्युमिस बाहेर काढा आणि पुन्हा धुवा. प्युमिस अरुंद भेगेत रुतून बसतं, म्हणून काही जण फक्त ओला ब्रश वापरतात. त्यानेही सीलंट चांगलं टिकतं. सरसकट बरने (ड्रिलच्या टोकाने) भेग रुंद करायची गरज नाही. त्यात निरोगी इनॅमल जातं.

लाळ अडवणं

हे एचिंगच्या आधी करायचं. रबर डॅम (दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा) लावता आला तर उत्तम. नाही लावता आला तर सहाय्यकाशिवाय हे काम हाती घेऊ नका. चार हात लागतात. खालच्या दाढेला गालाच्या आणि जिभेच्या बाजूला एकेक कॉटन रोल ठेवा. गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, पॅरोटिड ग्रंथीची नळी उघडते. तिथे ड्राय अँगल (लाळ शोषणारा त्रिकोणी पॅड) ठेवला की लाळेचा मोठा झरा थांबतो. एका वेळी एकच बाजू करा. चारही दाढा एकदम उरकायच्या घाईत शेवटची हमखास भिजते.

एचिंग

३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल घ्या. १९५५ साली एचिंगची पद्धत मांडणारे दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी ८५ टक्के ॲसिड ३० सेकंद वापरलं होतं. नंतर असं दिसलं की ५० टक्क्यांच्या वर गेल्यास पृष्ठभागावर कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसून पुढची क्रिया मंदावते आणि फार सौम्य ॲसिडने सहज न धुतला जाणारा थर बनतो. जास्त तीव्र ॲसिड म्हणजे जास्त पकड असं नाही.

जेल भेगांपुरतं ठेवू नका. कस्प्सच्या (दाढेवरच्या उंचवट्यांच्या) उतारांवर भेगेपासून एक-दोन मिलिमीटर वर न्या, म्हणजे सीलंटची कड एच न झालेल्या इनॅमलवर येणार नाही. खालच्या दाढेचा गालाकडचा खड्डा आणि वरच्या दाढेची टाळूकडची खाच हमखास विसरली जाते. सुरुवातीला हलकं टेकवून बुडबुडे काढा, मग घासू नका. उघडे पडलेले नाजूक इनॅमल रॉड्स मोडतात. कायमच्या आणि दुधाच्या दाढांना १५ ते ३० सेकंद पुरतात. नेमका वेळ कंपनीच्या सूचनेप्रमाणे ठेवा.

फ्लोरोसिसच्या, म्हणजे जास्त फ्लोराइडने इनॅमल बिघडलेल्या, दाढा वेगळ्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे अशी मुलं नेहमी समोर येतात. या इनॅमलचा बाहेरचा थर ॲसिडला दाद देत नाही, म्हणून वेळ ६० सेकंदांपर्यंत वाढवावा लागतो. शिवाय दाढ आधीच पांढरी असल्याने रंगावरून अंदाज चुकतो. तिथे चमक गेली का, हे पाहा.

धुणं आणि सुकवणं

हवा-पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने १५ ते २० सेकंद धुवा आणि पाणी सक्शनने ओढा. मुलाला कुल्ला करायला सांगू नका! एका कुल्ल्यात सगळी मेहनत लाळेत जाते. भिजलेले रोल बदलताना नवा रोल जुन्यावर ठेवून मग जुना सरकवून काढा, म्हणजे जीभ दाढेला लागायला फट मिळत नाही.

मग किमान १० सेकंद सुकवा. एच झालेलं सगळं इनॅमल खडूसारखं पांढरं, निस्तेज दिसलं पाहिजे. कुठे चमकणारा ठिपका उरला तर तिथे पुन्हा एच करा, धुवा, सुकवा.

या क्षणानंतर लाळेचा स्पर्श एका सेकंदाचाही नको. लाळेतली प्रथिनं छिद्रांवर थर धरतात आणि तो पाण्याने निघत नाही. लाळ लागली तर नुसतं पुसून पुढे जाऊ नका. १० ते १५ सेकंद पुन्हा एच करून धुवा आणि सुकवा. मूल चुळबुळ करत असताना हे जिवावर येतं, पण सीलंट निघायचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

कोरडेपणाची खात्री कमी असेल तर सीलंटखाली बाँडिंग एजंटचा (चिकटवणाऱ्या द्रवाचा) पातळ थर उपयोगी पडतो. हवेने तो पसरवा आणि त्यातलं द्रावक उडू द्या. सेल्फ-एच बाँडिंगला (वेगळ्या एचिंगशिवाय लावायच्या बाँडिंगला) मात्र फॉस्फोरिक ॲसिडचा पर्याय समजू नका.

सीलंट

थोडंच घ्या, एका टोकाकडून वाहू द्या, प्रोबने हळू पुढे न्या. चेअरचा दिवा बाजूला करा, नाहीतर रेझिन आधीच घट्ट व्हायला लागतं. १० ते २० सेकंद थांबा, ते छिद्रांत उतरू द्या, मग क्युअरिंग लाइटची टिप अगदी जवळ धरून २० सेकंद क्युअर करा, म्हणजे रेझिन कडक करा. टिप लहान असेल तर मोठ्या दाढेला दोन जागी. टिपवर जुनं रेझिन चिकटलं असेल तर प्रकाश कमी पोहोचतो.

वरचा चिकट थर कापसाने पुसा. प्रोबने कड उचलून पाहा. उचलली गेली तर तेवढ्यावर लेप न देता एचिंगपासून पुन्हा सुरुवात करा. शेवटी आर्टिक्युलेटिंग पेपरने (चावल्यावर खूण उमटवणाऱ्या रंगीत कागदाने) चावा तपासा. फिलर असलेलं सीलंट उंच राहिलं तर घासून कमी करावं लागतं.

दाढ कोरडी राहतच नसेल तर

अर्धवट आलेल्या दाढेवर ग्लास आयनोमर (ओलावा सहन करणारं सिमेंट) वापरा. इथे फॉस्फोरिक ॲसिड नको. सौम्य पॉलिअॅक्रिलिक ॲसिडचं कंडिशनर १० ते २० सेकंद लावून धुवा आणि दाढ किंचित ओलसर ठेवा. व्हॅसलिन लावलेल्या बोटाने मटेरियल भेगांत दाबा. रेझिनइतकं ते टिकत नाही, पण दाढ पूर्ण वर येईपर्यंतचा धोक्याचा काळ निभावतो.

सहा महिन्यांनी दाढ पुन्हा सुकवून पाहा. तुकडा उडाला असेल आणि उरलेलं घट्ट असेल, तर उघडी जागा साफ करून, एच करून तेवढंच भरा. कडेखाली तपकिरी रेष सरकलेली दिसली तर वरून नवं सीलंट चढवू नका. जुनं काढा आणि खाली कीड आहे का ते पाहा.