कामात चूक झाली तर काय करायचं: सांगायची कशी, निस्तरायची कशी

चूक लक्षात आली की बहुतेक जण कुणाला कळायच्या आत गुपचूप निस्तरायला बघतात, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. मूळ चूक बऱ्याचदा छोटीच असते, पण घाबरून झाकाझाक करताना हातून दुसरी चूक होते, आणि मग साहेबांना पहिलीपेक्षा "तू सांगितलं का नाहीस" हेच जास्त लागतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पूर्ण माहिती हातात यायची वाट न बघता लगेच सांगा.

समजा एका क्लायंटची रेट लिस्ट दुसऱ्याच क्लायंटला मेल झाली. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला सेटिंग वाढवून ठेवली तरी जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात, म्हणजे त्यानंतर गेला तो गेला. मग आधी नुकसान वाढायचं थांबवा. फाइल लिंकने दिली असेल तर अ‍ॅक्सेस काढा, तोच मेल अजून कुणाला शेड्यूल केला असेल तर थांबवा. आणि काहीही डिलीट करू नका!! सेंटमधला मेल, चुकीची फाइल, चॅट, सगळं राहू द्या, नक्की काय झालं ते नंतर त्यावरूनच कळणार असतं.

मग फोन करा किंवा समोर जाऊन सांगा, आणि पाठोपाठ लेखी टाका, साधारण असं:

"सर, 11:20 ला मी एका क्लायंटची रेट लिस्ट चुकून दुसऱ्या क्लायंटला पाठवली. लिंकचा अ‍ॅक्सेस काढलाय, पण त्यांनी फाइल उघडली का ते अजून माहीत नाही. त्यांना फोन तुम्ही करताय की मी करू? अर्ध्या तासात पुढचं कळवतो."

यात काय झालं, काय केलं, काय माहीत नाही आणि काय ठरवायचंय एवढंच आहे. नेट स्लो होतं, लोड होता, हे खरं असलं तरी पहिल्या मेसेजमध्ये नको, ते कारणं देणंच वाटतं. सॉरी एकदा मनापासून म्हणा आणि कामाला लागा, दहा वेळा म्हटलं तर समोरच्याला काम सोडून तुमचीच समजूत काढत बसावं लागतं.

कारण शोधताना "माझं लक्ष नव्हतं" वर थांबू नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामर लोकांचा कोड ठेवणाऱ्या वेबसाइटच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा बिघाड दुरुस्त करता करता चुकीच्या सर्व्हरवरचा म्हणजे चालू डेटाबेसच उडवला, एक-दोन सेकंदात लक्षात येऊन थांबवलं तरी बहुतेक डेटा गेला होता. मग बॅकअप बघायला गेले तर नेहमीचे बॅकअप चालतच नव्हते, शेवटी साधारण सहा तासांपूर्वीची एक कॉपी होती त्यावर भागवावं लागलं. हे सगळं त्यांनी लपवलं नाही, रिकव्हरी चालू असतानाच लोकांसमोर मांडलं. नुसतं त्या माणसाला झापून विषय मिटवला असता तर बंद पडलेले बॅकअप तसेच राहिले असते.

म्हणून "यापुढे काळजी घेईन" याला काही अर्थ नाही, कामाची पद्धत बदला. मेल पूर्ण लिहून अटॅचमेंट उघडून बघायची आणि मगच पत्ता टाकायचा, फाइलच्या नावात क्लायंटचं नाव ठेवायचं, असं काहीतरी जे थकलेलं असतानाही जमेल.

टीम सांभाळणाऱ्यांसाठी पण एक, अमेरिकेत 1976 पासून विमान क्षेत्रात चुका कळवायची व्यवस्था आहे, ती नासा चालवते. मुद्दाम न केलेली चूक 10 दिवसांत कळवली तर साधारणपणे दंड माफ होतो. सांगणाऱ्यालाच फटके बसणार असतील तर पुढच्या वेळी कोण कशाला सांगेल?

आणि तुमच्या चुकीचा ओरडा ग्रुपवर दुसऱ्या कुणाला बसला असेल तर त्याला बाजूला घेऊन सॉरी म्हणणं पुरत नाही, ज्या ग्रुपवर त्याचं नाव आलं तिथेच, त्याच दिवशी, "हे काम माझं होतं, त्याचा संबंध नाही" असं लिहा.