व्हे प्रोटीनची खाद्य फिल्म चिवट कशी करावी

खाद्य फिल्म (पदार्थासोबत खाता येणारे पातळ आवरण) ठिसूळ झाली की ग्लिसरीन वाढवावे, हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला आहे आणि त्यापायी माझे इतके द्रावण वाया गेले आहे, की तो सुरुवातीलाच खोडून काढणे मला आवश्यक वाटते. ग्लिसरीनमुळे फिल्म मऊ होते, चिवट होत नाही; शिवाय ते जितके अधिक घालावे तितकी बाष्प आणि ऑक्सिजन या दोहोंना वाट मोकळी होते. व्हे प्रोटीनच्या, म्हणजे चीज करताना उरणाऱ्या पाण्यातल्या दुधाच्या प्रथिनांच्या, फिल्मची ताकद द्रावण तापवण्याच्या अर्ध्या तासात ठरते.

पावडर किमान 90 टक्के प्रथिन असलेली, म्हणजे आयसोलेट प्रकारची घ्यावी आणि तिच्यात स्वाद, साखर किंवा लेसिथिन (पावडर पाण्यात चटकन मिसळावी म्हणून घालतात तो पदार्थ) नाही याची खात्री करावी. घरी पनीर गाळून उरलेले पाणी वापरता येईल का, असे नेहमी विचारले जाते. येत नाही. पनीरसाठी दूध 80 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात आंबट घातले की व्हे प्रथिनांचा बराचसा भाग पनीरमध्येच जातो आणि पाण्यात मुख्यतः दुग्धशर्करा व क्षार उरतात.

दहा ग्रॅम पावडर 90 ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात फेस न येऊ देता विरघळवावी आणि पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) 7 ते 8 यांच्या दरम्यान आणावा.

आता तापवणे. या पावडरमधले प्रमुख प्रथिन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळलेले असते आणि गंधकाचा एक मोकळा गट त्याच्या आत दडलेला असतो. तापमान 70 अंशांच्या वर गेले की गुंडा उलगडतो, तो गट उघडा पडतो आणि शेजारच्या रेणूंशी गंधकाचे पक्के दुवे जुळू लागतात. हे दुवे जुळले नाहीत तर फिल्म काचेसारखी स्वच्छ दिसते, पण ताटलीतच तडकते आणि पाण्यात टाकली की विरघळून जाते.

माझ्या फिल्म कितीतरी दिवस अशाच तडकत होत्या. मी ग्लिसरीन 4 ग्रॅमवरून 6 ग्रॅमवर नेले, तेव्हा तडकणे थांबले खरे, पण फिल्म बोटांना ओशट लागू लागली आणि दोन तुकडे एकमेकांवर ठेवले की सुटेनात. दोष शेवटी थर्मामीटरच्या जागेत सापडला: मी तो वॉटर बाथच्या, म्हणजे ज्यात बीकर ठेवून तापवतात त्या गरम पाण्याच्या भांड्याच्या, पाण्यात ठेवत होते. बाहेर 90 अंश दिसत असताना बीकरमधले द्रावण जेमतेम 70 अंशांवर होते आणि मी मात्र बीकर आत ठेवल्या क्षणापासून 30 मिनिटे मोजत होते. म्हणून थर्मामीटर द्रावणातच बुडवावा आणि द्रावण 90 अंशांवर पोहोचल्यानंतरच 30 मिनिटे मोजायला सुरुवात करावी.

बीकर थेट शेगडीवर कधीही ठेवू नये. तळाशी प्रथिन थिजते आणि त्या गाठी नंतर कितीही ढवळल्या तरी मोडत नाहीत. तोंडावर अॅल्युमिनियम फॉइल घट्ट बसवावे, कारण वाफ उडून प्रथिनाचे प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास गेले तर सगळे द्रावण दह्यासारखे घट्ट होते. क्षारयुक्त नळाचे पाणी किंवा 6 च्या खाली गेलेला पीएच यांनीही तेच होते, आणि घट्ट झालेले द्रावण पुन्हा पातळ करता येत नाही, ते टाकूनच द्यावे लागते. वेळ पूर्ण होताच बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवावा, वजन करावे आणि जेवढे पाणी उडाले असेल तेवढेच परत घालावे.

त्यानंतर 4 ग्रॅम खाद्य दर्जाचे ग्लिसरीन मिसळावे. ओलावा अडवायचा असेल तर मात्र द्रावण थंड करण्यापूर्वीच त्यात 2 ग्रॅम मधमाश्यांचे मेण घालून होमोजिनायझरने (वेगाने घुसळून थेंब फोडणाऱ्या यंत्राने) बारीक करावे. मेण 62 ते 64 अंशांना वितळते, त्यामुळे तोवर द्रावण 70 अंशांच्या खाली येऊ देऊ नये.

व्हॅक्यूम देऊन बुडबुडे काढावेत. 15 सेंटिमीटर व्यासाच्या टेफ्लॉन किंवा अॅक्रिलिकच्या ताटलीत साधारण 20 ग्रॅम द्रावण ओतून ती अगदी समतल जागी सुमारे एक दिवस वाळू द्यावी. काचेची ताटली नको, फिल्म सुटत नाही. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास असावी. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर वाळवण्याचा प्रयत्नच करू नये.

फिल्म सुटली की तिचा 2 सेंटिमीटरचा चौकोन साध्या पाण्यात 24 तास ठेवावा. तो फुगला पण अखंड राहिला, तर तापवणे नीट झाले. विरघळला, तर ग्लिसरीनच्या बाटलीला हात न लावता थर्मामीटर तपासावा.

अशी फिल्म कोरड्या हवेत ऑक्सिजन उत्तम अडवते, म्हणून ती शेंगदाणे, अक्रोड यांसारख्या खवट होणाऱ्या कोरड्या पदार्थांसाठी वापरावी, ओल्या पदार्थांसाठी नव्हे. आणि हे दुधाचे प्रथिन असल्यामुळे दुधाची अॅलर्जी असलेल्यांसाठी तशी सूचना पाकिटावर ठळक छापावी.