एसी थंड करेना म्हणून गॅस भरायला निघालात? आधी या चुका टाळा

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की नागपुरात घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "एसीतला गॅस संपला वाटते." मागच्या मे महिन्यात मानेवाड्याच्या आमच्या घरी मीही हेच म्हणालो. मेकॅनिकने आठ दिवसांनंतरचा वार दिला, म्हणून छोटा सिलिंडर आणि पाइप मागवून स्वतःच गॅस भरायचं ठरवलं. ऑर्डर देण्याआधी एकदा स्लॅबवर गेलो. ऊन लागू नये म्हणून आम्हीच आउटडोअरला, म्हणजे एसीच्या बाहेरच्या डब्याला, हिरवी जाळी गुंडाळून ठेवली होती. ती सोडली, कॉईल (बारीक पत्रे बसवलेल्या नळ्या) धुतली आणि तासाभरात खोली गार झाली. गॅस होता तेवढाच होता.

पहिली चूक इथेच होते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, की वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जाणार.

दुसरी चूक आउटडोअरची. खोलीतली उष्णता बाहेर टाकायचं काम तो करतो, त्यामुळे त्याला सावली चालते, कोंडमारा नाही. जाळी डोक्यावर दोन-तीन फूट उंच बांधा, अंगाला लपेटू नका. ओलं पोतं टाकणं किंवा बोअरचं पाणी रोज शिंपडणंही टाळा. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुतेक जड असतं, त्याचा पांढरा थर कॉईलच्या पत्र्यांवर बसतो आणि तो सहज निघत नाही. धुताना एसीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) बंद करा आणि साध्या नळीचं मंद पाणी वापरा. जोराच्या फवाऱ्याने बारीक पत्रे वाकतात. आतला फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा.

एसी आणि कूलर एकाच खोलीत सुरू ठेवणारी घरं मी बरीच पाहिली आहेत. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो आणि एसीची बरीचशी ताकद ते पाणी गाळण्यातच जाते. दोन्हींपैकी एकच चालवा.

अपेक्षाही तपासून पाहा. एसीची टनांची क्षमता मोजतात ती बाहेर 35 अंश तापमान धरून. 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दुपारी तोच एसी कमीच थंड करणार, तो बिघाड नव्हे. संध्याकाळी साध्या थर्मामीटरने एसीत शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा मोजा. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक असेल तर गॅसला हात लावायची गरज नाही.

पाइपवर बर्फ जमला तर चाकू-पेचकसाने खरवडू नका, कॉईलला भोक पडलं की खर्च कितीतरी वाढतो. कूलिंग बंद करून नुसता पंखा दोन-तीन तास चालवा. फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ परत आला, तर मात्र गॅस कमी असण्याची शंका रास्त आहे. आउटडोअर नुसता गुणगुणतो, पण कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) उचलत नाही? मग बहुतेक कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करायला मदत करणारा विजेचा भाग, गेलेला असतो. त्याला स्वतः हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात झटका बसेल इतका चार्ज राहतो.

आता गॅस भरण्याबद्दल. इथे माझं मत ठाम आहे: घरी भरू नका. हल्लीच्या बहुतेक नव्या घरगुती एसींत आर-32 नावाचा गॅस असतो. तो पेट घेऊ शकतो, आणि 45 अंशांना त्याचा दाब सुमारे 28 बार होतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या बारापट. द्रव अंगावर उडाला तर कातडी गोठते, कारण तो उणे 51 अंशांच्या आसपास उकळतो. जुन्या एसींतल्या आर-22 गॅसचं गेज (दाब मोजायचं यंत्र) आणि अंदाज इथे चालत नाहीत, आणि एकात दुसरा गॅस मिसळणं तर कॉम्प्रेसरच्या मुळावरच येतं.

बंद एसीला गेज लावून "दाब आहे, म्हणजे गॅस भरलेला आहे" असं म्हणणंही फसवं. स्वयंपाकाचा सिलिंडर आठवा: अर्धा असो की पूर्ण, आत द्रव आहे तोवर दाब तोच. त्यात इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर वेग बदलत राहतो, त्यामुळे चालू असतानाही आकडा स्थिर राहत नाही. म्हणून गॅस वजनावर भरतात. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या पाटीवर छापलेलं असतं.

मेकॅनिक आला की शेजारी उभे राहा. आधी नायट्रोजन भरून सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती शोधतो का, मग नळ्यांतली हवा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवतो का आणि सिलिंडर काट्यावर ठेवतो का, एवढं बघा. पंप न आणता थोडा गॅस सोडून आतली हवा काढतो म्हणाला, तर थांबवा. आत राहिलेली हवा आणि ओल कॉम्प्रेसरचं तेल खराब करते. पैसे देताना गॅसचं नाव, ग्रॅम आणि गळती कोणत्या सांध्यात सापडली, हे बिलावर लिहून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात खोली पुन्हा तापली, तर मेकॅनिकला आधी तोच सांधा दाखवता येईल.