कपाशीतील कामगंध सापळे : या चुका टाळा

गुलाबी बोंडअळीच्या पतंगाची मादी रात्री एका जागी बसून गंध सोडते आणि नर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, नागमोडी उडत त्या गंधाचा माग काढतो. सापळ्यातील इवलीशी रबरी वडी, म्हणजेच ल्युअर, त्या मादीचे सोंग घेते. १९७३ मध्ये ओळखल्या गेलेल्या या गंधात दोन घटक जवळपास समप्रमाणात असतात. म्हणून हरभऱ्यातील घाटेअळीसाठी आणलेली, उरलेली वडी कपाशीत लावून उपयोग नाही. तिच्याकडे बोंडअळीचा नर फिरकणार नाही. एकाच सापळ्यात दोन किडींच्या वड्या लावणे हीसुद्धा काटकसर नव्हे, चूकच आहे.

सर्वाधिक चुका उंचीच्या बाबतीत होतात. पेरणीनंतर दीड महिन्याने सापळा शेंड्याच्या फूटभर वर बांधला जातो, पुढे कपाशी वाढते आणि सापळा पानांत बुडतो. तिथे वारा पोहोचत नाही, त्यामुळे गंधाचा पट्टा शेतावर पसरत नाही आणि शेतकरी मात्र ‘यंदा कीड नाही’ असे समजून निर्धास्त राहतो. पीक वाढेल तसा सापळा वर सरकवावा. पतंग अचानक येईनासे झाले, तर आधी वडी लावल्याची तारीख पाहावी. साधारण तीन ते चार आठवड्यांनी, किंवा पाकिटावर लिहिलेल्या मुदतीनुसार, वडी बदलावी लागते. जुनी वडी बांधावर टाकू नये, कारण उरलेला गंध तिथेही नरांना बोलावत राहतो. तंबाखू चोळलेल्या किंवा औषध लागलेल्या हातांनी नवी वडी हाताळू नये. सापडलेले पतंग जिच्यात साठतात, त्या सापळ्याच्या पिशवीची खालची गाठ सुटली आहे का, हेही पाहावे. हे कारण क्षुल्लक वाटते, पण नेहमीचे आहे.

सापळा लावला म्हणजे बंदोबस्त झाला, हा समज मात्र महागात पडतो. सापळ्यात फक्त नर सापडतात, एक नर अनेक माद्यांशी मिलन करू शकतो आणि शेजारच्या शेतातून आधीच मिलन झालेली मादी उडत येते. म्हणून हेक्टरी ५ सापळे केवळ पाहणीसाठी असतात. मोठ्या प्रमाणावर नर पकडायचे असतील तर हेक्टरी २० लागतात, तेही आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून लावले तरच पदरात काही पडते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ किंवा अधिक पतंग आले, तर उपाययोजनेची वेळ आली असे मानतात. त्यासाठी रोज सकाळी पतंग मोजून पिशवी रिकामी करावी लागते. आठवड्याचा ढीग एकदम मोजून हा हिशेब लागत नाही.

ज्या शेतात मिलनात अडथळा आणणाऱ्या गंधाच्या दोऱ्या बांधल्या आहेत, तिथे सापळे रिकामे राहणे अपेक्षितच असते, कारण सगळीकडे मादीचाच गंध भरल्याने नराला सापळा सापडत नाही. अशा शेतात सापळ्यावर न विसंबता डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले) शोधाव्यात आणि एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत; त्यांपैकी दोन बोंडांत अळी दिसली, तर प्रादुर्भाव १० टक्क्यांवर पोहोचलेला असतो.